तडकलेला बंपर बदलावाच लागतो का?

मोटारीचा बंपर तडकण्यासाठी मोठा अपघातच व्हावा लागतो असे नाही. इमारतीच्या पार्किंगमधला खांब, सिग्नलला मागून हळूच येऊन टेकलेली रिक्षा, मंगल कार्यालयाबाहेर घाईघाईने मागे घेतलेली कुणा पाहुण्याची गाडी, नाहीतर पावसाळ्यात पाण्याखाली न दिसलेला दुभाजकाचा कठडा, एवढे निमित्त पुरते. 'टक्' असा आवाज होतो, आपण खाली उतरून पाहतो, तो बंपरवर वीतभर लांबीची भेग! गाडी चालण्यात काडीचाही फरक पडलेला नसतो. पण मालकाच्या काळजाला मात्र घरे पडतात.

गेल्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकावर हाच प्रसंग ओढवला. चौथ्या वर्षात असलेली छोटी गाडी मागे घेताना पार्किंगचा खांब आडवा आला आणि मागचा बंपर डाव्या कोपऱ्याजवळ फाटला. सर्व्हिस सेंटरमधील तरुणाने नम्रपणे, पण ठामपणे सांगितले, "सर, प्लॅस्टिकचा बंपर रिपेअर होत नसतो. बदलावाच लागेल." अंदाजपत्रक हाती पडले: नवा बंपर सहा हजार, रंग चार हजार, मजुरी एक हजार, एकूण अकरा हजार रुपये. वर, "क्लेम टाकून द्या, तुमच्या खिशातून फारसे जाणार नाही," असा दिलासाही.

घराजवळच्या एका जुन्या डेंटर-पेंटरकडे सहज चौकशी केली. त्यांनी गाडीखाली वाकून बंपरची आतली बाजू बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "साहेब, हा तुटला नाही, नुसता फाटलाय. टाके घालून शिवता येईल." त्यांचे शिलाईकाम आठशे रुपयांत झाले, रंगाला तीन हजार दोनशे लागले आणि चार हजारांत गाडी पूर्ववत झाली. सर्व्हिस सेंटरचा तरुण खोटे बोलत होता असे नव्हे. तेथे कामगाराचा तास महाग, दुरुस्तीची हमी द्यायची कोणी हा प्रश्न, आणि सुटे भाग विकणे हा तर व्यवसायच. त्यांच्या हिशेबाने बदलणेच सोयीचे. आपला हिशेब मात्र वेगळा असू शकतो. तो मांडण्यासाठी बंपर ही वस्तू मुळात काय आहे, हे समजून घ्यावयास हवे.

बंपर नव्हे, बंपरचा अंगरखा

प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसिडर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेली, आरशासारखी चकाकणारी पोलादी पट्टी हे आठवत असेल. ती वाकली तर हातोड्याने ठोकून सरळ करीत. आजच्या गाडीत ज्याला आपण बंपर म्हणतो, तो वस्तुतः एक आवरण आहे. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा अंगरखा. खरी टक्कर झेलणारी आडवी तुळई त्याच्या पाठीमागे, गाडीच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट बसवलेली असते. बऱ्याच गाड्यांत आवरण आणि तुळई यांच्यामध्ये फोमचा एक ठोकळाही असतो. आवरणाचे काम गाडीला आकार देणे, वारा कापणे आणि पार्किंगमधले किरकोळ धक्के सोसणे. म्हणूनच आवरणाला भेग पडली एवढ्यावरून गाडी असुरक्षित झाली असे होत नाही. आणि उलट, आवरण वरून धडधाकट दिसले म्हणून आतली तुळई शाबूत असेलच असेही नाही. प्लॅस्टिक धक्क्यानंतर पुन्हा फुगून पूर्वीच्या आकारात येते, लोखंड मात्र वाकलेलेच राहते.

हे आवरण बहुतेक गाड्यांत पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकचे असते. इटालियन रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये या प्लॅस्टिकचे सुसंघटित रूप प्रयोगशाळेत तयार केले आणि १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जर्मनीच्या कार्ल झिगलर यांच्यासमवेत विभागून मिळाले. घरातल्या साच्यातल्या खुर्च्या, मायक्रोवेव्हमध्ये चालणारे डबे, इंजेक्शनच्या सिरिंजची नळी ही सारी याच कुळातली मंडळी. निव्वळ पॉलिप्रोपिलीन थंडीत ठिसूळ होते, म्हणून बंपरसाठी त्यात ईपीडीएम नावाचे रबर मिसळतात. त्यामुळे ते लवचिक होते. ते फार लिबलिबीत होऊ नये म्हणून टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूडही घालतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. प्लॅस्टिकच्या दोन जाती असतात. एक मेणासारखी, तापवले की वितळते, निवले की पुन्हा घट्ट होते आणि हे कितीदाही करता येते. दुसरी उकडलेल्या अंड्यासारखी; एकदा घट्ट झाली की पुन्हा पातळ होणे नाही. पॉलिप्रोपिलीन पहिल्या जातीचे आहे. साधारण १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळते. म्हणजेच फाटलेल्या दोन कडा वितळवून, त्यांत त्याच जातीचे प्लॅस्टिक घालून त्या एकजीव करता येतात. 'प्लॅस्टिक रिपेअर होत नसते' या विधानात तथ्य नाही ते यामुळे.

गोंदाचा मोह टाळावा

भेग दिसताच आपला हात आधी जातो तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या नळीकडे. दोन दिवस जोड टिकतो आणि पहिल्याच गतिरोधकावर पुन्हा उघडतो. दोष गोंदाचा नाही. गोंद चिकटायचा तर तो आधी पृष्ठभागावर नीट पसरावा लागतो, आणि पॉलिप्रोपिलीनचा पृष्ठभाग त्याला पसरू देत नाही. अळूच्या पानावर पाणी कसे थेंबाथेंबाने घरंगळते, तसाच हा प्रकार. इपॉक्सीच्या पुट्टीचेही तेच. शिवाय ती वाळून दगडासारखी कडक होते. बंपर लवतो, पुट्टी लवत नाही, मग तिची खपलीच निघते. पॉलिप्रोपिलीनसाठी खास दोन घटकांचे गोंद आणि त्याआधी लावायचे प्रायमर मिळतात, पण ते स्वस्त नसतात आणि प्रत्येक दुकानात असतील असेही नाही. झटपट गोंद लावण्यात आणखी एक तोटा आहे. पुढे कारागिराकडे गेलात की वाळलेला गोंद खरवडून काढण्यातच त्याचा वेळ जातो, कारण गोंद मध्ये असेल तर वितळलेले प्लॅस्टिक प्लॅस्टिकला भिडत नाही.

आधी मागची बाजू पाहावी

दुरुस्ती करायची की नाही, हे बंपरचा दर्शनी भाग पाहून ठरवू नये. बंपर उतरवून, निदान चाकाच्या कमानीतले अस्तर सैल करून, आतून पाहावे. तुळई वाकली आहे का, फोमचा ठोकळा फुटला आहे का, गाडीच्या अंगाला जोडणारे कोपऱ्यातले ब्रॅकेट शाबूत आहेत का, हे तेथे कळते. तुळई वाकली असेल तर विषय सौंदर्याचा राहत नाही; ती बदललीच पाहिजे, आणि तेथे काटकसर करू नये. बंपर अडकवणारे कान, म्हणजे ज्यांत स्क्रू वा क्लिप बसते ते टोकाचे तुकडे, एखाददुसरे तुटले असतील तर पुन्हा जोडता येतात. पण बहुतेक कान गेले असतील, किंवा प्लॅस्टिकचा मोठा तुकडाच रस्त्यावर पडून हरवला असेल, तर दुरुस्तीवर खर्च केलेला पैसा वाया जाण्याची शक्यता अधिक.

सेन्सरचाही विचार करावा लागतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांच्या मागच्या बंपरमध्ये ही छोटी गोल बटणे असतातच. भेग सेन्सरच्या भोकातून जात असेल, तर जोडल्यावर सेन्सरचा कोन जरासा जरी बदलला तरी तो नसलेल्या भिंतीची सूचना देत राहतो. पुढे रडार असलेल्या गाड्यांची गोष्ट अधिक नाजूक. आपोआप ब्रेक लावणाऱ्या किंवा पुढच्या गाडीशी अंतर राखणाऱ्या यंत्रणेचे रडार अनेकदा बंपर वा जाळीच्या मागे दडवलेले असते. त्याच्या समोर पोलादी जाळी, पुट्टीचा थर किंवा रंगाचे जादा हात आले की रडारची दृष्टी अधू होते. अशा जागी भेग असेल तर स्थानिक दुरुस्ती करू नये, असेच माझे मत आहे.

क्लेम टाकावा का?

'क्लेम टाकून द्या' हा सल्ला ऐकायला गोड वाटतो. माझ्याच अंदाजपत्रकाचा हिशेब वाचकांपुढे मांडतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

सर्वसाधारण पॅकेज पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात. गाडी कालच घेतलेली असली तरी. म्हणजे सहा हजारांच्या बंपरचे तीनच हजार मिळणार. रंगाच्या एकत्रित बिलातील २५ टक्के रक्कम रंगाच्या मालाची धरतात आणि तिच्यावरही निम्मा घसारा. म्हणजे चार हजारांतून पाचशे गेले. मजुरी पूर्ण मिळते. या साऱ्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी एक हजार रुपये सक्तीची वजावट. अकरा हजारांच्या बिलात विमा कंपनी देणार साडेसहा हजार, आणि साडेचार हजार मालकाचे.

येथवर सौदा ठीक वाटतो. पण क्लेम न करणाऱ्यास मिळणारा नो क्लेम बोनस आहे ना! तो पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांवर स्थिरावतो. एक क्लेम केला की शिडीवरून थेट खाली, शून्यावर. ही सवलत पॉलिसीच्या ज्या भागाला 'ओन डॅमेज' म्हणतात त्याच्या प्रीमियमवर मिळते. माझ्या बाबतीत हा भाग सवलतीपूर्वी आठ हजारांचा होता आणि मी ३५ टक्क्यांच्या पायरीवर होतो. क्लेम केला नाही तर पुढल्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ३६०० रुपये सूट; केला तर शून्य. त्यापुढील वर्षी ५० विरुद्ध २०, म्हणजे २४०० चा फरक. तिसऱ्या वर्षी ५० विरुद्ध २५, म्हणजे दोन हजार. तीन वर्षांत आठ हजारांचे नुकसान झाले. गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियमही थोडा उतरतो हे धरले, तरी ते सात हजारांच्या पुढेच राहते. साडेसहा हजार मिळवण्यासाठी त्याहून अधिक गमवायचे, असा हा व्यवहार! क्लेम न करता नवा बंपर स्वखर्चाने घेतला असता तरी तो स्वस्त पडला असता. घसारा न कापणारी 'झिरो डेप' पॉलिसी असेल तर क्लेमची रक्कम वाढते, पण बोनस तिथेही जातो; तो वाचवायचा तर वेगळे संरक्षण आधीच घेतलेले असावे लागते. तेव्हा मोठ्या अपघातासाठी विमा राखून ठेवावा आणि भेगेसाठी कारागीर शोधावा, हे उत्तम.

टाके कसे घालतात?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ज्यांना हाताने काही करण्याची हौस आहे, त्यांना हे काम एका सुटीच्या दिवसात जमू शकते. ज्यांना करायचे नाही, त्यांनीही वाचावे. कारागीर काम नीट करतो आहे की नुसती पुट्टी थापतो आहे, हे ओळखता येईल.

बंपर उतरवल्यावर त्याच्या आतल्या अंगावर साच्यातच उमटलेली अक्षरे शोधावीत. दोन उलटसुलट बाणांच्या मध्ये रोमन लिपीत पीपी, अधिकचे चिन्ह, ईपीडीएम आणि पुढे टीडी २० असे काहीसे लिहिलेले आढळेल. अर्थ असा, की पॉलिप्रोपिलीन, त्यात ईपीडीएम रबर आणि २० टक्के टाल्कची पूड. हीच या कामाची जन्मपत्रिका. जोडासाठी वापरायची प्लॅस्टिकची काडी याच जातीची हवी. पुढची जाळी अनेकदा एबीएस प्लॅस्टिकची असते; तिच्यासाठी एबीएसचीच काडी. अक्षरे नसतील तर तुकडा पाण्यात टाकून पाहतात; तरंगला तर पॉलिप्रोपिलीन, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे, कारण टाल्क भरपूर असेल तर हेच प्लॅस्टिक बुडते. मागच्या बाजूच्या कोपऱ्यात काडी वितळवून चिकटवून पाहावी आणि निवल्यावर ओढावी. उपटून आली तर जात वेगळी.

काडी विकत मिळते. कुर्ल्याच्या किंवा पुण्यातील नाना पेठेच्या सुट्या भागांच्या बाजारात चौकशी करावी, ऑनलाइनही मिळते. त्याहून स्वस्त म्हणजे गॅरेजमध्ये पडलेल्या त्याच जातीच्या तुटक्या बंपरमधून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून घेणे. केबल बांधायच्या नायलॉनच्या पट्ट्या, ज्यांना आपण 'झिप टाय' म्हणतो, त्या वितळवून भेग भरल्याचे व्हिडिओ अनेकांनी पाहिले असतील. नायलॉन आणि पॉलिप्रोपिलीन एकजीव होत नाहीत. भोके पाडून त्याच पट्ट्यांनी बंपर टाचून ठेवणे ही तात्पुरती सोय म्हणून वाईट नाही, फक्त तो जोड वेल्डिंगचा समजू नये.

आधी बंपर साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावा आणि वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. पॉलिश पेपर मारण्यापूर्वीच हे करायचे, नंतर नव्हे. गाडीच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असते. न पुसता घासले तर ते ओरखड्यांत शिरून बसते आणि पुढे रंगावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे उमटतात.

मग भेगेचे टोक शोधावे आणि तेथे साधारण तीन मिलिमीटरचे भोक पाडावे. चांगल्या बंपरला भोक का पाडायचे, असा प्रश्न पडेल. शाम्पूच्या पुडीला कडेला बारीक खाच असते. त्या खाचेच्या टोकाशी सारा ताण एकवटतो आणि पुडी सहज फाटते. भेगेचे टोकही तसेच धारदार असते. गाडीच्या प्रत्येक हादऱ्यासरशी ती पुढे सरकते. टोकाला गोल भोक पाडले की ताण त्याच्या घेरभर विखुरतो आणि भेग थबकते. घाईत हीच पायरी वगळली जाते आणि महिन्याभरात जोडाच्या पुढे नवी भेग दिसू लागते.

यानंतर दोन्ही कडा जुळवून दर्शनी बाजूने ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बांधून घ्याव्यात. आता सारे काम मागच्या बाजूने. जोडाची ताकद मागून येते, पुढून येते ते फक्त रूप. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने भेगेवर अंतराअंतराने ठिपके देऊन कडा तात्पुरत्या टाचाव्यात. मग भेगेच्या लांबीभर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करावी, अर्ध्या जाडीहून थोडी खोल. त्या खाचेत काडी आणि कडा एकदम वितळवीत पुढे जावे. काडी वितळून नुसती वर सांडली तर तो जोड नव्हे. खालचे प्लॅस्टिकही मऊ होऊन दोन्ही कालवले गेले पाहिजे. धूर निघू लागला की समजावे, प्लॅस्टिक वितळत नाही, जळते आहे. साध्या आयर्नचे टोक तीनशे अंशांच्या वर जाते, म्हणून तापमान कमी-जास्त करता येणारे आयर्न असेल तर बरे. काम उघड्या हवेत करावे, तोंडाला मास्क असावा, आणि मुलांना भोवती घुटमळू देऊ नये.

डेंटर-पेंटर ज्याला टाके म्हणाले, ते याच्याही आधी किंवा नंतर घालतात. स्टेनलेस स्टीलच्या नागमोडी पिना तापवून भेगेला आडव्या, दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतराने, प्लॅस्टिकमध्ये दाबायच्या. त्यासाठीचे पिस्तुलासारखे यंत्र साधारण दीड-दोन हजारांत मिळते. एकाच बंपरसाठी ते घेणे परवडणारे नाही, हे कबूल केले पाहिजे. पिन निम्म्या जाडीपर्यंतच बुडवावी, नाहीतर दर्शनी बाजूला तिचा उठाव दिसतो. बटण सोडल्यावर यंत्र लगेच ओढू नये. प्लॅस्टिक घट्ट होईपर्यंत थांबावे. पिनांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी साध्या सोल्डरिंग आयर्नने बुडवली तरी तेच काम होते आणि खर्चही नगण्य. पिना असोत वा जाळी, त्यांवर काडीचा एक थर चढवून त्या झाकाव्यात. जोड आपोआप निवू द्यावा. पाणी ओतून निववण्याची घाई केली तर तो आक्रसून वाकतो.

मागची बाजू पक्की झाली की पुढची चिकटपट्टी काढून तेथे उथळ खाच करावी, ती काडीने भरावी आणि पॉलिश पेपरने सपाट करावी. आधी ८० नंबर, मग १८०, मग ३२०. पॉलिप्रोपिलीन घासताना त्याचे केसासारखे तंतू उभे राहतात. हलक्या हाताने, पाणी लावून घासले तर ते कमी होतात.

भेग नसून नुसता पोचा असेल तर यातले काहीच करायला नको. पोच्यावर उकळते पाणी ओतावे आणि मऊ झालेले प्लॅस्टिक आतून हाताने बाहेर लोटावे; हातमोजे मात्र घालावेत. पुष्कळदा 'टप्' असा आवाज होऊन पोचा निघतो. फुकट होणारी ही दुरुस्ती आधी करून पाहावी.

खर्च रंगाचा

जोडकाम स्वस्त, रंगकाम महाग, हे माझ्या बिलावरूनही दिसलेच. गाव, गाडी आणि रंगाच्या प्रकारानुसार एका बंपरच्या रंगाला अडीच ते चार हजार रुपये लागतात. पांढरा साधा रंग जुळवणे सोपे. धातूची किंवा मोत्याची झाक असलेला कठीण, कारण रंग तोच असला तरी फवाऱ्याचा दाब आणि थरांची जाडी यांवरून छटा बदलते. रंगाचा सांकेतिक क्रमांक दाराच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. तो लिहून नेल्यास 'साधारण असाच' रंग पदरी पडत नाही. उन्हाने फिका पडलेला शेजारचा पत्रा आणि नवा कोरा बंपर यांत थोडा फरक तरीही राहतोच.

कारागिराला एकच प्रश्न जरूर विचारावा: "प्लॅस्टिकचा प्रायमर मारणार ना?" गोंदासारखाच रंगही पॉलिप्रोपिलीनला धरत नाही. त्यासाठी आधी रंगाला पकड देणारा पारदर्शक प्रायमर लागतो. पत्र्यावरचा प्रायमर बंपरवर मारला, तर पहिल्या प्रेशर वॉशिंगला रंगाचे पापुद्रे निघतात. पुट्टीही लवचिक, बंपरसाठीचीच हवी आणि पातळ. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या स्प्रेच्या डब्याने घरी रंगवणे शक्य आहे. लहान जागेला ते शोभूनही दिसते. पण हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असते, आणि साधा कापडी मास्क त्याला थोपवत नाही. ते काम रंगाच्या बूथमध्येच व्हावे. पावसाळी, दमट हवेत रंगाला पांढुरकी झाक येते, तेव्हा जोडून घेतलेला बंपर रंगासाठी चार दिवस थांबला तरी हरकत नाही. बंपर रंगीत नसून मूळचाच काळा, खरखरीत पोताचा असेल, तर मात्र जोडाची खूण राहणार हे मान्य करूनच पुढे जावे. तो पोत हाताने परत आणता येत नाही.

जुना किंवा स्थानिक बनावटीचा नवा बंपर घेण्याचा पर्यायही अनेक जण सुचवतात. भंगारातून त्याच रंगाचा बंपर सापडला तर नशीबच म्हणायचे. स्थानिक बनावटीचा बंपर स्वस्त असतो. पण त्याचे कान जागेवर येत नाहीत, दिव्याजवळ बोटभर फट राहते आणि त्याला रंग द्यावा लागतोच. पैसे देण्यापूर्वी तो गाडीला लावून पाहण्याची परवानगी मागावी.

पुन्हा असे होऊ नये म्हणून गाडीला जाडजूड लोखंडी गार्ड बसवण्याचा विचार काही जण करतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास सांगितले, त्यामागे कारण आहे. गार्ड धक्का थेट गाडीच्या सांगाड्याकडे पोचवतो, एअरबॅगच्या सेन्सरला चकवू शकतो, आणि समोर आलेल्या पादचाऱ्याच्या पायाला प्लॅस्टिकऐवजी लोखंड लागते. बंपर लवचिक केला आहे तो मुद्दामच.

पुढचा बंपर उतरवायचा असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागते. उच्च सुरक्षा नंबरप्लेटची कुलपे एकदाच लागतात. काढताना ती तुटतात आणि मग नव्या कुलपांसाठी हेलपाटे. प्लेट ज्या ब्रॅकेटवर बसवली आहे, तो ब्रॅकेटच प्लेटसकट सुटतो का, हे कारागिराला आधी पाहायला सांगावे. बंपरच्या प्लॅस्टिकच्या क्लिपाही उतरवताना हमखास मोडतात; पाच-सहा क्लिपा आधीच आणून ठेवल्या तर बंपर वाऱ्यावर फडफडत घरी आणावा लागत नाही.

माझा बंपर रंगवून झाल्यावर डेंटर-पेंटरनी पंधरा दिवस प्रेशर वॉशिंग न करण्याची आणि महिनाभर पॉलिश न लावण्याची ताकीद दिली. त्यानंतर एक उन्हाळा आणि अगणित गतिरोधक झाले. आतून हात फिरवला की टाक्यांचा खडबडीतपणा लागतो. बाहेरून ती जागा मलाही आता शोधावी लागते. खांबावर मात्र सोसायटीने पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे रबर बसवून घेतले आहे.